नदीचा तळ ढवळला जातो तेव्हा

वाळू मोजण्याचे आपल्याकडे एकच माप रूढ आहे, ते म्हणजे ब्रास. शंभर घनफुटांचा एक ब्रास. लिलाव ब्रासवर, स्वामित्वधन ब्रासवर आणि दंडही ब्रासवरच. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वाळूविषयी गेली अनेक वर्षे जी चर्चा चालली आहे, ती या मापाभोवतीच फिरते. किती ब्रासची परवानगी होती, प्रत्यक्षात किती उचलली, किती ट्रॅक्टर पकडले गेले आणि महसूल किती बुडाला, एवढ्यावर ती थांबते. वाळू जेथून उचलली त्या तळाचे पुढे काय झाले, आणि त्या तळावरून वाहणाऱ्या पाण्यात कोणता फरक पडला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. तहसीलदार कचेरीच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी रकानाच नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न बारकाईने विचारले गेले आहेत. ट्रॉलरच्या मागे बांधलेले जाळे तळाला घासत जाते. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या दोन जड फळ्या चिखलात अक्षरशः नांगर धरल्यासारख्या सरी पाडतात. या घासण्याने तळाचे काय होते, याचा जगभरच्या प्रयोगांवरून जॅन हिडिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हिशेब मांडला. सर्वांत हलक्या प्रकारचे जाळे एका फेरीत सरासरी २.४ सेंटिमीटर खोल जाते आणि तळावरच्या जीवसृष्टीचा ६ टक्के भाग नाहीसा करते. पाण्याचे फवारे मारून तळ उकरणारी, शिंपले काढण्याची यंत्रे १६.१ सेंटिमीटर खोल जातात आणि ४१ टक्के जीव एका फेरीत संपवतात. तळ सावरायला साधारण दोन ते सहा वर्षे लागतात. पुढे २०२१ मध्ये याच विषयावर मोठा वाद झाला. तळातील गाळ ढवळल्याने त्यात गाडलेला कर्ब किती प्रमाणात पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात येतो, याचे एन्रिक साला यांच्या गटाने केलेले अनुमान इतर शास्त्रज्ञांना फार फुगवलेले वाटले. तो वाद अजून मिटलेला नाही. पण तळ ढवळला की वरच्या पाण्याचे रसायन बदलते, याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

आता सोळा सेंटिमीटर म्हणजे वीतभर खोली सुद्धा नव्हे. कृष्णेच्या पात्रात यांत्रिक बोटीवर बसवलेला सक्शन पंप तळात काही फूट, कित्येकदा पुरुषभर खोल खड्डा पाडतो. पंप वाळू आणि पाणी एकत्र ओढतो, वाळू चाळणीवर राहते आणि गढूळ पाणी पुन्हा नदीत सोडले जाते. समुद्रातील ट्रॉलर तळ निदान तेथेच सोडून जातो. नदीत तळच उचलून नेला जातो आणि जो बारीक गाळ कोणाला नको असतो, तेवढाच पाण्यात परत येतो.

हा बारीक गाळ किती वेळ पाण्यात राहतो? साध्या मध्यम-बारीक वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर या वेगाने खाली बसतो. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण दिवसभरात जेमतेम फूटभर खाली जातो. सह्याद्रीचा खडक बेसाल्ट. तो झिजून मुख्यतः काळी चिकण मातीच तयार होते, वाळू त्या मानाने थोडी. त्यामुळे आपल्या नद्यांच्या वाळूत अशा बारीक कणांची भेसळ असतेच. दहा फूट खोल डोहात उठलेला हा गाळ वाहत्या पाण्यात मैलोगणती पुढे जाऊन कोठेतरी बंधाऱ्यामागे बसतो. माशांच्या कल्ल्यांत तो अडकतो, पाण्यातील शेवाळाला मिळणारा प्रकाश तोडतो, आणि खडे-वाळूच्या फटीत घातलेल्या अंड्यांवर त्याचा थर चढतो.

परंतु गढूळपणा हा या गोष्टीचा दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग रसायनाचा आहे आणि तो समजून घ्यायचा तर तळाची रचना पाहावी लागते. नदीचा तळ म्हणजे नुसता वाळूचा ढीग नसतो. वरच्या काही मिलिमीटर ते सेंटिमीटर थरात पाण्यातून झिरपणारा प्राणवायू पोचतो. तेथे राहणारे सूक्ष्मजीव कुजणारा पाला, मैला, मेलेले शेवाळ यांचे विघटन करतात आणि अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. त्याखाली प्राणवायू संपतो. तेथील सूक्ष्मजीव मग दुसऱ्या पदार्थांवर श्वसन चालवतात; आधी नायट्रेट, नंतर मॅंगनीज, मग लोह आणि शेवटी सल्फेट. या क्रमाने खाली जावे तसा गाळाचा रंग तांबूस-पिवळ्यावरून करड्याकडे आणि पुढे काळ्याकडे झुकतो. डोहातील चिखलात पाय घातल्यावर सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो या सर्वांत खालच्या थराचा. या थरातील कणांच्या फटींमध्ये अडकलेल्या पाण्यात अमोनिया, विरघळलेले लोह आणि स्फुरद यांचे प्रमाण वरच्या पाण्याच्या कितीतरी पट असते. वरचा प्राणवायू असलेला थर या सगळ्याला झाकणासारखा असतो. खालून वर येणारे लोह तेथे गंजते आणि त्या गंजाला स्फुरद चिकटून बसते. म्हणजे तळ जोवर शांत आहे, तोवर ही घाण बंदिस्त आहे.

पंपाने हे झाकण फोडले की फटींतील पाणी एकदम वर येते. लोह आणि सल्फाइड यांना प्राणवायू भेटताच ते तो वेगाने शोषून घेतात. अमोनिया पाण्यात मिसळतो. स्फुरदामुळे पुढच्या संथ पाण्यात शेवाळ माजते. समुद्रात आणि नदीत एक फरक येथे लक्षात घ्यायला हवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे तेथील गाळात सल्फाइडचा जोर असतो. गोड्या पाण्यात सल्फेट थोडे, म्हणून लोह आणि अमोनिया यांचा वाटा मोठा. समुद्रातील आकडे जसेच्या तसे कृष्णेला लावता येणार नाहीत, ते यामुळेच.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. नदी तर दर पावसाळ्यात आपला तळ स्वतःच ढवळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा तळाचे जे झाले असेल त्यापुढे दोन-चार पंपांची काय कथा? शंका योग्य आहे, परंतु तिचे उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. पुराच्या वेळी पाणी अफाट असते, थंड असते, खळाळत असल्याने त्यात प्राणवायू भरपूर मिसळलेला असतो आणि वर आलेले सर्व काही क्षणात विरळ होऊन वाहून जाते. वाळूउपसा चालतो तो पावसाळा संपल्यानंतर आणि त्याचा भर असतो उन्हाळ्यात. तेव्हा नदी म्हणजे बंधाऱ्यांच्या मागे साचलेल्या पाण्याची माळ झालेली असते. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांवर साडेसात. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ४ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे. म्हणजे उन्हाळ्यात स्वच्छ पाण्यालाही फारशी सवलत नसते. जे काम नदी ऑगस्टमध्ये सहज पचवते, तेच एप्रिलमध्ये तिला झेपत नाही.

सांगलीच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर होते. वरच्या बाजूची गावे आणि कराडसारखी शहरे यांचे सांडपाणी, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून येणारी मळी, उसाच्या रानातून झिरपणारे खत आणि खुद्द सांगलीत वर्षानुवर्षे तक्रारींचा विषय असलेला शेरीनाला, हे सर्व बंधाऱ्यांमागील गाळात साठत जाते. मार्च २०२३ मध्ये अंकली परिसरात कृष्णेच्या पाण्यावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा घटनेनंतर बोट थेट कारखान्यांच्या मळीकडे दाखवले जाते आणि ते बहुधा चुकीचेही नसते. परंतु पाण्यात नव्याने काय सोडले एवढेच पाहून भागत नाही; तळात आधीपासून काय साठले होते आणि ते कशाने वर आले, हेही पाहावे लागते. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात जे मासे मरतात, त्यांच्या बाबतीत तर हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पहिला लोंढा फारसा मोठा नसतो, मात्र डोहातील वर्षभराचा गाळ उचलण्याइतका जोर त्याच्यात असतो.

नळाचे पाणी पिणाऱ्या शहरवासीयांनाही याची किंमत मोजावी लागते. जलशुद्धीकरण केंद्रात गढूळपणा वाढला की तुरटी वाढवावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार गढूळपणा १ एककाच्या आत हवा, दुसरा पर्याय नसेल तर ५ पर्यंत चालतो. अमोनियाचा प्रश्न याहून अवघड. तो गाळणीत अडकत नाही आणि क्लोरीन खाऊन टाकतो. अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्र पुरते संपवायला साधारण आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. हे संपल्याशिवाय जंतू मारायला मोकळा क्लोरीन उरतच नाही. नदीतील अमोनिया वाढला आणि क्लोरीनची मात्रा नेहमीचीच राहिली, तर पाण्याला वास क्लोरीनचा आला तरी त्याची जंतुनाशक शक्ती कमी झालेली असू शकते.

कृष्णाकाठ सोडून आपण दुष्काळी पट्ट्यात गेलो, की वाळूचा अर्थच बदलतो. खटाव तालुक्यात उगम पावून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी येरळा, माण तालुक्यातून आटपाडीकडे जाणारी माणगंगा, खानापूर-तासगावची अग्रणी या नद्यांना वर्षातील बराच काळ वरून पाणी दिसत नाही. पाणी असते ते वाळूच्या आत. वाळूच्या कणांतील मोकळी जागा तिच्या आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असते आणि त्यातील सुमारे पाव हिस्सा पाणी सहज निथळून विहिरीला मिळू शकते. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा एक ब्रास वाळू साधारण ७०० लिटर पाणी धरते आणि सोडते. एक किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि दोन मीटर खोल वाळूच्या पात्रात अडीच कोटी लिटर पाणी मावते. दोन-तीन फुटांखालच्या या पाण्याचे बाष्पीभवन जवळजवळ होत नाही. ते गाळूनही मिळते. नदीकाठच्या विहिरीचे पाणी नदीच्या पाण्यापेक्षा नितळ असते ते यामुळेच. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणला, तर चौदा-पंधरा ब्रास वाळू गेली की दर पावसाळ्यात फुकट भरणारा एक टँकर कायमचा गेला, असा हिशेब होतो. २०२३ च्या राज्याच्या वाळू धोरणात सरकारी डेपोवरील वाळूचा दर ब्रासला ६०० रुपये होता. त्या दरात या सातशे लिटरची किंमत कोठे धरलेली होती, हे शोधूनही सापडणार नाही.

हा हिशेब खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी फार पूर्वी केला होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि येथील शेतकरी यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर हे तिचे एक प्रमुख नेते. येरळेची वाळू सरकार लिलावाने ठेकेदारांना देते, ट्रक भरून ती शहरात जाते आणि मागे विहिरी आटतात, हा संबंध चळवळीने लोकांपुढे मांडला. विरोधावर न थांबता पुढचा मार्गही काढला. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी मिळून येरळेवर धरण बांधायचे आणि त्याच्या खर्चासाठी नदीतील थोडी वाळू स्वतः विकायची, अशी ती योजना. संपतराव पवारांसारखे स्थानिक कार्यकर्ते आणि अभियंते के. आर. दाते यांचे तांत्रिक साहाय्य यांच्या बळावर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांनाही वाटा असावा, हे तत्त्व या योजनेत होते. वाळूला हात लावायचा नाही, अशी या लोकांची भूमिका नव्हती. किती उचलायची आणि कशासाठी, हे तिच्या काठी राहणाऱ्यांनी ठरवावे, एवढीच होती. आज टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांमधून कृष्णेचे पाणी प्रचंड वीज खर्चून याच दुष्काळी भागात चढवले जाते. त्या योजना हव्यातच. पण ज्या पात्रांमध्ये वाळूने पाणी फुकट धरून ठेवले असते, ती रिकामी करून मग तेथे पाणी चढवायचे, यात काही विसंगती आहे, हे मान्य करायला अभियंता असण्याची गरज नाही.

वाळू पुन्हा येते, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. येते, पण किती? कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा यांसारख्या धरणांनी वरच्या खोऱ्यातून येणारा गाळ आणि वाळू अडवली आहे. धरणातून सुटणारे पाणी वाळूविना येते आणि आपली वाहून नेण्याची शक्ती खालचा तळ व काठ खरवडण्यात खर्च करते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅट कॉन्डॉल्फ यांनी १९९७ मध्ये अशा पाण्याला ‘भुकेले पाणी’ म्हटले. त्यात भर म्हणून पात्रात खोल खड्डे पडले, की पाणी खड्ड्याच्या वरच्या कडेला धबधब्यासारखे पडते आणि ती कड मागे मागे सरकत जाते. काठची काळी जमीन ढासळते, पुलांच्या पायांभोवतीचा आधार कमी होतो, लगतच्या विहिरींची पातळी नदीच्या नव्या तळापर्यंत उतरते.

महापुरानंतर कृष्णेतील गाळ काढा, अशी मागणी सांगलीत जोर धरते. तिच्यातील व्याकूळता समजण्यासारखी आहे. धरण किंवा तलाव उन्हाळ्यात कोरडा पडल्यावर गाळ काढून तो शेतात पसरणे हे चांगले काम आहे. त्यात पाणी ढवळले जात नाही. वाहत्या किंवा साचलेल्या पाण्यात यंत्र घालून तळ उकरणे हे वेगळे काम आहे आणि गाळ काढण्याच्या नावाखाली वाळूच निघणार नाही, याची खात्री मोजमापाशिवाय देता येत नाही.

नियमांची उणीव नाही. दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी लहान क्षेत्रातील वाळूउपशालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपसा तीन मीटर किंवा भूजलाची पातळी, यांपैकी जे आधी लागेल त्याखाली नेता येत नाही. नदीपात्रात सक्शन पंपाला राज्याच्या धोरणात मनाई आहे. २०२० च्या तत्त्वांनी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पात्र मोजून किती वाळू नव्याने आली याचा अभ्यास आवश्यक ठरवला, आणि जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये, असा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल पर्यावरण मंजुरीस आधार ठरू शकत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी राज्याने डेपोची पद्धत बदलून पुन्हा लिलाव आणले आणि दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन दिले. कृत्रिम वाळूने नदीवरचा भार हलका होईल. डोंगरावरचा वाढेल, हा वेगळा विषय.

तथापि हा सारा अभ्यास पुन्हा वाळूच्या आकारमानाचाच आहे. पाण्याच्या रसायनाचा अभ्यास कसा करायचा, हे समुद्रावर काम करणाऱ्यांकडून शिकता येते. त्यांची रीत साधी आहे. प्लॅस्टिकची नळी तळात उभी खुपसून गाळाचा अखंड दंड काढायचा, त्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे, प्रत्येक कापातील पाणी पिळून त्यात अमोनिया, लोह, स्फुरद किती ते पाहायचे. ट्रॉलर जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर, तसेच ट्रॉलर कधीच न गेलेल्या जागी, हे सर्व सारख्याच पद्धतीने करायचे. कृष्णेवर यातील शेवटची अट पाळणे फार कठीण, कारण सांडपाणी, मळी, बंधारे आणि उपसा यांपैकी एकच कारण असलेला पट्टा मिळत नाही. सगळी एकत्रच असतात. म्हणून उपशाच्या जागेच्या वर आणि खाली एकाच दिवशी, उपसा चालू असताना आणि बंद असताना, गढूळपणा व प्राणवायू मोजत राहणे हाच व्यवहार्य मार्ग. केंद्रीय जल आयोगाची कराड, अर्जुनवाड, कुरुंदवाड येथे मोजणी केंद्रे आहेत. परंतु पंपाने उठवलेला गाळ काही तासांत पुढे निघून जातो आणि अवैध उपसा बहुधा रात्री चालतो. प्राणवायूची पातळीही पहाटे सर्वांत खाली असते, कारण रात्रभर शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरते. सकाळी अकराला भरलेल्या बाटलीत यातले काही उतरत नाही. त्यासाठी दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारे उपकरण पाण्यातच ठेवावे लागते. ब्रह्मनाळच्या संगमाच्या वर येरळेत एक, कृष्णेत एक आणि संगमाखाली एक, अशा तीन उपकरणांनी सुरुवात करता येईल. डिसेंबर ते जून असा एक हंगाम त्यासाठी पुरे आहे.